आयआरएसचं प्रकरण सीपीएकडून वकिलाकडे कधी न्यायचं आणि तो वकील कसा निवडायचा

मी सीपीए आहे, म्हणजे लायसन्सवाला अकाउंटंट, आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याकडे, आपल्या बऱ्याच मंडळींचे रिटर्न्स भरतो, आणि तरीही सांगतो की काही गोष्टी मला सांगू नका. म्हणजे फोन उचलल्या उचलल्या "अरे, दोन-तीन वर्षं दुकानातली सगळी कॅश दाखवलीच नव्हती रे, आता ऑडिटचं पत्र आलंय, काय करू" असं कोणी बोलायला लागलं की मी मधेच थांबवतो, लोकांना राग येतो, पण कारण ऐका. हेच वाक्य तुम्ही वकिलाला सांगितलंत तर ते तुमच्या दोघांत राहतं, सरकार त्याला साक्षीला ओढून ते बाहेर काढू शकत नाही. मला सांगितलंत आणि प्रकरण पुढे क्रिमिनल झालं, तर मला सबपीना, म्हणजे साक्ष किंवा कागद देण्याचा सक्तीचा हुकूम, येईल आणि शपथेवर जसंच्या तसं सांगावं लागेल. १९९८ च्या कायद्याने सीपीए आणि एनरोल्ड एजंटशी (आयआरएसचा परवाना असलेला टॅक्स सल्लागार) झालेल्या टॅक्स सल्ल्याच्या बोलण्याला थोडं संरक्षण दिलंय, पण ते फक्त सिव्हिल प्रकरणात, क्रिमिनलमध्ये शून्य. आणि रिटर्न भरण्यासाठी दिलेली माहिती तर तशीही गुप्त धरली जात नाही, रिटर्न भरणारा स्वतः वकील असला तरी साधारण तेच.

आता घाबरून प्रत्येक पत्राला वकील शोधायला जाऊ नका, पैसे वाया जातील. सीपी २००० आलं म्हणजे बँकेने किंवा ब्रोकरने कळवलेला आकडा आणि तुमच्या रिटर्नमधला आकडा जुळत नाहीये एवढंच, बरेचदा स्टॉक विकलेले असतात आणि कॉस्ट बेसिस, म्हणजे मूळ खरेदीची किंमत, टाकायचा राहिलेला असतो, ते आम्ही करतो. साधं टपालाने होणारं ऑडिट, डोनेशनच्या पावत्या मागितल्यात, तेही आम्ही करतो. नव्वद दिवसांचं पत्र म्हणजे नोटीस ऑफ डेफिशियन्सी (तुमचा इतका टॅक्स कमी पडतोय असं आयआरएसचं अधिकृत पत्र) आलं की मात्र वकिलाशी निदान एकदा बोला, कारण टॅक्स न भरता आधी कोर्टात भांडायचं असेल तर त्या नव्वद दिवसांत टॅक्स कोर्टात पिटिशन गेलंच पाहिजे, पत्र अमेरिकेबाहेरच्या पत्त्यावर आलं असेल तर १५० दिवस. फी फक्त ६० डॉलर आहे पण तारीख चुकली की तो दरवाजा बंद, मग आधी भरा आणि नंतर परत मागा. आयआरएसच्या माणसाशी फोनवर बोलणं चालू आहे म्हणून ती तारीख पुढे जात नाही हो, लोक तिथेच फसतात.

मग वकील कधी? सगळ्यात सोपी खूण, दारात येणारा माणूस कोण आहे ते बघा. आयआरएसमध्ये रेव्हेन्यू एजंट म्हणजे ऑडिट करणारा, रेव्हेन्यू ऑफिसर म्हणजे वसुली करणारा, आणि स्पेशल एजंट म्हणजे क्रिमिनल इन्व्हेस्टिगेशनवाला. हा तिसरा बॅज आणि बंदूक बाळगतो, बहुधा दोघं येतात, न सांगता येतात, सकाळी लवकर येतात, आणि वागायला अतिशय गोड असतात. २०२३ पासून वसुलीवाल्यांनी न सांगता घरी येणं जवळपास बंद केलंय, त्यामुळे आता न सांगता दोन माणसं आली आणि बॅज खरा असला तर विषय गंभीर समजायचा. हे लोक हातात घेतलेल्या सगळ्याच केसेस कोर्टात नेत नाहीत, पण ज्या नेतात त्यात शिक्षेचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं.

दुसरी खूण जास्त फसवी आहे. ऑडिट चालू असतं, एजंट दर आठवड्याला काहीतरी मागत असतो आणि अचानक गप्प होतो, फोन नाही ईमेल नाही. आपल्याला वाटतं सुटलो. ऑडिट करताना फसवणुकीच्या ठोस खुणा दिसल्या तर एजंटने तिथेच थांबून प्रकरण क्रिमिनलकडे पाठवायचं असतं आणि ते तुम्हाला सांगायचं नसतं, असा त्यांचा नियम आहे. त्यामुळे शांतता झाली तर आनंद करू नका. त्याच्या आधीही काही चिन्हं दिसतात, आकड्यांपेक्षा "हे का केलंत, कोणी सांगितलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का" असे प्रश्न वाढतात, तुमच्या गिऱ्हाइकांना किंवा बँकेला परस्पर विचारणा जाते. असं काही दिसलं की मी स्वतःच फाइल बंद करतो आणि वकिलाचं नाव देतो.

हे "का केलंत" एवढं महत्त्वाचं का, तर टॅक्सच्या बहुतेक क्रिमिनल कलमांत सरकारला विलफुलनेस सिद्ध करावी लागते, म्हणजे कायदा काय आहे हे माहीत असून मुद्दाम मोडला. १९९१ च्या चीक केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की माणसाचा समज प्रामाणिक असेल तर तो कितीही अडाणी वाटला तरी विलफुलनेस होत नाही. म्हणजे आकडे कागदावर असतातच, ते बँकेकडूनही मिळतात, पण तुमच्या मनात काय होतं याचा पुरावा बहुतेक वेळा तुम्हीच देता, चहा पाजत पाजत. टॅक्स इव्हेजनला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, खोट्या रिटर्नवर सही केली तर तीन, रिटर्न मुद्दाम भरलाच नाही तर वर्षाला एक, आणि यातलं फार मोठं अंतर तुमच्या बोलण्यावर ठरतं.

तर स्पेशल एजंट दारात आले तर काय करायचं ते पाठच करून ठेवा. नाव विचारा, कार्ड घ्या, आणि म्हणा, माझा वकील तुम्हाला फोन करेल, त्याच्याशिवाय मी काही बोलणार नाही. बस, दार बंद. वकील अजून ठरलेला नसला तरी चालतं, हेच म्हणायचं. "थोडं सांगतो, बाकी वकील सांगेल" असं करू नका. खोटं तर अजिबात नको, फेडरल अधिकाऱ्याशी खोटं बोलणं हा वेगळा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंतचा, त्याला शपथ लागत नाही की कोर्ट लागत नाही. "नाही, मी नाही घेतले पैसे" एवढं नुसतं नकाराचं वाक्यही खोटं असेल तर त्यात बसतं, १९९८ च्या ब्रोगन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तसंच ठरवलंय. म्हणजे मूळ टॅक्सची केस उभी राहिली नाही तरी दारातल्या त्या पाच मिनिटांची उभी राहू शकते. सर्च वॉरंट घेऊन आले असतील तर अडवू नका, वॉरंटची प्रत मागा, बाजूला उभे राहा, काय काय नेलं ते लिहून ठेवा, पण प्रश्नांची उत्तरं तेव्हाही नाहीत. वॉरंट झडतीचं असतं, गप्पांचं नाही.

आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस, लोक इथे स्वतःचं जास्त नुकसान करून घेतात. जुन्या एक्सेल फाइल्स उडवणं, क्विकबुक्समध्ये मागच्या तारखेच्या एंट्र्या "नीट" करणं, व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करणं, हे सगळं चौकशीत अडथळा या सदरात जातं आणि त्याला वीस वर्षांपर्यंत शिक्षा आहे, टॅक्सच्या मूळ गुन्ह्यापेक्षा कितीतरी जास्त. मंडळाच्या ग्रुपवर "कोणाकडे आयआरएस आलं होतं का" असा मेसेज टाकू नका, तो पुरावा आहे. नोकरांना "तुला विचारलं तर असं सांग" म्हणू नका. घाईघाईने सुधारित रिटर्न भरून टाकू नका, वकिलाला विचारल्याशिवाय ते कबुलीजबाबासारखं वापरलं जाऊ शकतं. अजून एक, जे छोट्या धंदेवाल्यांना ठाऊकच नसतं, स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क कंपनीला नाही. एलएलसी किंवा कॉर्पोरेशनच्या नावाने सबपीना आला तर कंपनीची कागदपत्रं द्यावीच लागतात, मालक तुम्ही एकटेच असलात तरी सर्वसाधारणपणे हेच, ब्रास्वेल केस १९८८. कोणता कागद कंपनीचा आणि कोणता तुमचा खाजगी हे ठरवायचं काम वकिलाचं.

आता वकील कसला हवा. लोक घराचं क्लोजिंग करणाऱ्या वकिलाला विचारतात, किंवा थेट टीव्हीवर "तुमचं देणं निम्म्यावर आणतो" म्हणणाऱ्याला. साधारण तीन प्रकारची कामं आहेत. टॅक्स काँट्रोव्हर्सीवाला, जो ऑडिट, अपील्स, टॅक्स कोर्ट करतो. बिझनेसवाला, जो करार, पार्टनरशिपची भांडणं, कंपनी विकणं हे बघतो. आणि व्हाइट कॉलर डिफेन्सवाला, जो ग्रँड ज्युरी (आरोप ठेवायचे का हे ठरवणारे नागरिक), प्रॉसिक्युटर, प्ली (तडजोड करून गुन्हा कबूल करणं) यातला असतो, बरेचदा पूर्वी स्वतः सरकारी वकील असतो. एकच माणूस किंवा एकच छोटी फर्म तिन्ही करते असे वकील मिळतात आणि धंदेवाल्या माणसाला तेच बरे पडतात असं माझं मत, कारण प्रकरणं वेगवेगळी येत नाहीत. पार्टनर भांडून बाहेर पडतो, दावा लावतो, दाव्यात तुमचं डिपोझिशन, म्हणजे कोर्टाबाहेरची शपथेवरची उलटतपासणी, होतं, तिथे तुम्ही शपथेवर म्हणता धंदा वर्षाला अमुक कमावतो, आणि तो आकडा रिटर्नमधल्या आकड्याच्या दुप्पट. बिझनेसच्या वकिलाला दावा जिंकायचा असतो, त्याच्या डोक्यात टॅक्स नसतो, आणि पार्टनर चिडून आयआरएसला आधीच कळवून बसलेला असतो. घटस्फोटातल्या मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्राचंही तेच.

फक्त नोकरी करणाऱ्यांसाठी एक आडवळण. कंपनीत चौकशी चालू झाली आणि कंपनीचा वकील "जरा दहा मिनिटं बोलायचंय" म्हणाला तर तो तुमचा वकील नाही. तो सुरुवातीला तसं सांगतोही, त्याला अपजॉन वॉर्निंग म्हणतात, १९८१ च्या केसवरून, पण लोक मान डोलावतात आणि बोलत सुटतात. तुमचं बोलणं कंपनीच्या मालकीचं, कंपनीला वाटलं तर ती सरकारला देऊन टाकेल. स्वतःचा वेगळा वकील मागा, काही कंपन्या त्याचा खर्चही उचलतात, विचारायला काय जातंय.

नाव मिळालं की पहिल्यांदा त्या राज्याच्या बारच्या (वकिलांच्या संघटनेच्या) साइटवर जाऊन लायसन्स चालू आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई झालीये का ते बघा, फुकट असतं. मग टॅक्स कोर्टात अ‍ॅडमिटेड आहे का विचारा. क्रिमिनल बाजू असेल तर त्या डिस्ट्रिक्टच्या फेडरल कोर्टात काम केलंय का, खटला प्रत्यक्ष लढवलाय का, आणि त्याहून महत्त्वाचं, आरोप दाखल व्हायच्या आधीच किती प्रकरणं थांबवलीत. चांगल्या डिफेन्स वकिलाचं बहुतेक काम तिथेच होतं, त्याची बातमी येत नाही त्यामुळे गुगलवर दिसणार नाही. "माझी त्या ऑफिसात ओळख आहे" म्हणणारा आणि पहिल्याच भेटीत निकालाची हमी देणारा, दोघांना नमस्कार करून निघा.

पहिल्या भेटीत तुम्ही काय विचारायचं यात माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात वर, की हिशोब कोण करणार. बरोबर उत्तर कोव्हेल. १९६१ च्या एका केसवरून आलेली पद्धत आहे, त्यात वकील स्वतः एक अकाउंटंट नेमतो, करार वकिलाशी, बिल वकिलाला, आणि वकिलाला सल्ला देता यावा म्हणून तो हिशोब बघतो, मग त्याच्याशी झालेलं बोलणंही वकिलाच्या संरक्षणात येतं. आणि हा अकाउंटंट मी नसावा! ज्याने तुमचे जुने रिटर्न भरलेत तो उद्याचा साक्षीदार आहे, त्याला आतल्या कामात घेतलं तर कुठलं बोलणं आधीचं आणि कुठलं नंतरचं हा गुंता सुटत नाही. तुमच्या जुन्या सीपीएलाच घेऊ म्हणणारा वकील मला तरी कच्चा वाटतो. त्याच ओघात, वकिलाचे ईमेल भावाला, मित्राला, मला फॉरवर्ड करू नका, तिसऱ्याला दाखवलं की गुप्तता गेली. ऑफिसच्या ईमेलवरून तर त्याला लिहूच नका.

नवरा-बायको दोघांनी जॉइंट रिटर्नवर सह्या केल्यात तर दोघांना एकच वकील चालेल का हेही तिथेच विचारा. आपल्याकडे "माझी सही फक्त, बघतात ते सगळं हेच" हे सर्रास, आणि कायद्यात अशा जोडीदारासाठी इनोसंट स्पाउस रिलीफ आहे, फॉर्म ८८५७, पण ती मागायची म्हणजे जोडीदाराकडे बोट दाखवायचं, मग एकच वकील दोघांचा कसा असेल. पार्टनर्सचं तर सोडाच, प्रत्येकाला वेगळा.

एच वन बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर अजून एक प्रश्न, आणि हा वकिलाने आपणहून काढला नाही तर तुम्ही काढा. २०१२ च्या कावाशिमा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खोट्या रिटर्नच्या गुन्ह्यात सरकारचं नुकसान १०,००० डॉलरच्या वर असेल तर तो इमिग्रेशनच्या भाषेत अ‍ॅग्रेव्हेटेड फेलनी, म्हणजे ग्रीन कार्ड असलं तरी देशाबाहेर काढता येतं. तुरुंगवास न होता प्ली झाली म्हणून पेढे वाटायचे आणि नंतर घरी डिपोर्टेशनची नोटीस, असं होऊ शकतं. डिपोर्टेशनचा धोका सांगणं हे डिफेन्स वकिलाचं कर्तव्य आहे हे पडिला केसपासून, २०१० पासून, ठरलेलं आहे, पण इमिग्रेशनवाला वकील प्लीच्या आधी बसलेला हवा. प्लीमध्ये नुकसानीचा आकडा किती लिहिला जातो यावर सगळं अडतं.

आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त येणारं प्रकरण म्हणजे भारतातली खाती, त्यावर जरा थांबतो. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा वार्षिक रिपोर्ट, भरायचा, १५ एप्रिल, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ. एनआरई, एनआरओ, एफडी, आईबरोबरचं जॉइंट खातं, सगळं धरायचं, आणि एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे टॅक्सेबल आहे, हे सांगितलं की समोरचा दोन मिनिटं गप्प बसतो. भारतातले म्युच्युअल फंड तर वेगळीच कटकट, त्यांना वेगळा फॉर्म ८६२१ लागतो. चुकून राहिलं असेल तर दंड मुळात १०,००० डॉलरपर्यंत, महागाईप्रमाणे तो वाढत जातो, आणि २०२३ च्या बिटनर केसनंतर तो खात्यामागे नाही तर न भरलेल्या रिपोर्टमागे मोजतात. मुद्दाम लपवलं असेल तर एक लाख डॉलर, तोही महागाईप्रमाणे वाढलेला, किंवा खात्यातल्या रकमेच्या ५० टक्के, यातलं जे जास्त ते. चुकून राहिलेल्यांसाठी स्ट्रीमलाइन्ड योजना आहे, तीन वर्षांचे सुधारित रिटर्न, सहा वर्षांचे एफबार, आणि अमेरिकेत राहणाऱ्यांना ५ टक्के दंड. पण त्यात फॉर्म १४६५४ वर तुम्ही शपथेवर लिहून देता की हे मुद्दाम नव्हतं आणि का नव्हतं. ही गोष्ट मी लिहून देऊ शकतो, बरेच सीपीए देतात, पण रिटर्नमधल्या "परदेशात खातं आहे का" या प्रश्नावर तुम्ही "नाही" ला खूण केलेली असेल, किंवा मागे कोणी सीपीएने ईमेलवर विचारलं होतं आणि तुम्ही टाळलं होतं, तर ही सही करण्याआधी वकिलासमोर बसा. खोटी निघाली तर तोच कागद विलफुलनेसचा पुरावा. आणि मुद्दामच होतं असं वकिलाला वाटलं तर वेगळा रस्ता आहे, व्हॉलंटरी डिस्क्लोजर, फॉर्म १४४५७, महाग पण तुरुंग टाळण्यासाठीचा. दोन्ही रस्ते आयआरएस तुमच्यापर्यंत पोचायच्या आधीच घ्यायचे असतात. गुपचूप मागचे एफबार भरून टाकले की झालं, असं सांगणारे खूप भेटतील, ते तुमच्याबरोबर कोर्टात येणार नाहीत.

पेरोल टॅक्सचंही थोडक्यात. नोकरांच्या पगारातून कापलेला टॅक्स सरकारला न देता त्यातून भाडं भरलंत तर तो धंद्याचा खर्च राहत नाही, तो वैयक्तिक तुमच्यावर येतो, शंभर टक्के, कंपनी बुडाली तरी, दिवाळखोरीतही सुटत नाही. रेव्हेन्यू ऑफिसर फॉर्म ४१८० घेऊन "फक्त मुलाखत" म्हणतो, चेकवर सही कोणाची, कोणाला पैसे द्यायचे कोण ठरवायचं, त्या मुलाखतीला एकटे जाऊ नका. हेच मुद्दाम केलं असेल तर त्यालाही पाच वर्षं आहेत.

फीचं बोलायला लाजू नका. सिव्हिल काम तासावर असतं, क्रिमिनलमध्ये बरेचदा टप्प्याप्रमाणे ठोक रक्कम, चौकशीपर्यंत इतके, आरोप दाखल झाले तर पुढे इतके. रिटेनर (आगाऊ फी) दिलात तर तो ट्रस्ट अकाउंटमध्ये (गिऱ्हाइकांचे पैसे वेगळे ठेवायचं वकिलाचं खातं) जाणार का, उरला तर परत मिळणार का, हे करारात लिहून घ्या, आणि करारात कुठलं काम येतं कुठलं नाही तेही, कारण "टॅक्स कोर्ट यात नव्हतं" हे नंतर कळलेलं मी पाहिलंय. क्रिमिनल केसमध्ये निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांच्या नियमांतच मनाई आहे, कोणी तशी सांगितली तर तिथूनच परत फिरा. आणि कॅश द्यायचा विचार असेल तर १०,००० च्या वर कॅश घेतली की वकिलालाही फॉर्म ८३०० भरून कळवावं लागतं, आणि ते टाळायला तुकडे करून दिलेत तर तो अजून एक गुन्हा. चेक द्या.

पैसेच नसतील तर, सिव्हिल वादासाठी लो इन्कम टॅक्सपेअर क्लिनिक आहेत, उत्पन्न मर्यादेत असेल आणि वादातली रक्कम वर्षाला ५०,००० डॉलरच्या आत असेल तर फुकट किंवा नाममात्र पैशात वकील मिळतो. देणं मान्य आहे पण भरता येत नाही असं असेल तर ऑफर इन कॉम्प्रमाइजमध्ये, म्हणजे कमी रकमेवर तडजोड करायच्या योजनेत, बसता का ते आयआरएसच्या साइटवर प्री-क्वालिफायरमध्ये स्वतः तपासा, पाच मिनिटांचं काम आहे, टीव्हीवरच्या जाहिरातवाल्यांना हजारो डॉलर देण्याआधी. क्रिमिनलमध्ये आरोप दाखल झाल्यावर परवडत नसेल तर कोर्ट फेडरल पब्लिक डिफेंडर देतं, आणि त्या ऑफिसातले वकील आपल्याकडे समज आहे तसे दुय्यम नसतात, त्याच कोर्टात रोज उभे असतात. अडचण मधल्या काळाची, चौकशी चालू आहे पण आरोप नाही अशा वेळी तो सहसा मिळत नाही, पण टार्गेट लेटर (चौकशीचा रोख तुमच्यावर आहे असं सरकारी वकिलाचं पत्र) हातात असेल तर काही डिस्ट्रिक्टमध्ये आधीही नेमतात, म्हणून ते पत्र घेऊन त्यांच्या ऑफिसला फोन करा. त्यांना. मला नको.